सीडी १०० दहा-बारा वर्षं उभी आहे: इंजिन खोलायचं की आधी नुसतं फिरवून बघायचं?

बाळेवाला

नमस्कार मंडळी. गाडी हिरो होंडा सीडी १००, १९९१ ची, एमएच १३ पासिंग. दहा-बारा वर्षं वाड्याच्या पडवीत पत्र्याखाली उभी आहे. चालू होती तेव्हाच उभी केलेली, पण टाकीतलं पेट्रोल काढलं नव्हतं. आजची परिस्थिती अशी:

किक निम्म्यावर येऊन अडकते. टाकीचं झाकण उघडलं की व्हार्निशसारखा वास येतो आणि आत तांबडा गंज दिसतो. टायर चिरलेत. क्लच आणि पुढच्या ब्रेकची वायर हलत नाही. चेन कव्हर पूर्ण शाबूत, दोन्ही साइड पॅनेल आणि टूलकिटची पिशवी जागेवर. सायलेन्सरला बाहेरून भोक नाही.

मेकॅनिक म्हणतो, "इंजिन उतरवू, रिबोअर करू (सिलेंडर आतून घासून मोठा करू), पिस्टन, क्रँक, टायमिंग चेन, क्लच प्लेटा, सगळं नवं टाकू. टाकी पण नवी घ्या." मला शोपीस नको आहे. नव्वदीच्या दशकात सोलापुरात दयानंद, संगमेश्वर कॉलेजच्या स्टँडवर सीडी, यामाहा आरएक्स, सामुराई, एम ८० आणि लुना ओळीनं लागायच्या, त्यातली ही एक. तेव्हा जशी चालायची तशी चालली म्हणजे झालं.

इंजिन खोलावं का? टाकी वाचेल का? आताचं इथेनॉलवालं पेट्रोल चालेल का? आणि आरसी मामांच्या नावावर आहे (मामा ठणठणीत आहेत), पासिंग केव्हाच संपलंय, त्याचं काय? शिवाय एका दोस्ताला अशीच उभी राहिलेली आरएक्स १०० मिळतेय. तिला हेच सगळं लागू होतं का?

नऊचा_पाना

मालक, मेकॅनिकला तूर्त थांबवा. ५० मिमी बोअर (सिलेंडरचा व्यास), ४९.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), ९७.२ सीसी. इतकं साधं इंजिन उघडण्याआधी बाहेरूनच बरंच काही सांगतं. स्प्लेंडरचे बरेचसे पार्ट याला बसतात, त्यामुळे सुट्या भागांचा दुष्काळ नाही. अडचण अशी की त्याच रंगाच्या डब्यात नकलीही तितक्याच सहज मिळतात. कारखान्यातून बसून आलेला क्रँक मापात असेल तर तो काढून नकली क्रँक बसवणं म्हणजे पैसे देऊन गाडी बिघडवणं.

पहिली गोष्ट, किकवर उभं राहू नका. अडकलेल्या इंजिनला जोर लावला की एक तर किकचे दाते जातात, नाही तर चिकटलेल्या रिंगा तुटून बोअरवर रेघ ओढतात.

प्लग काढण्याआधी त्याच्या बुडाशी साठलेली माती हवेनं उडवा, नाही तर ती थेट सिलेंडरमध्ये पडते. १६ चा प्लगपाना लावून प्लग काढा. आत १०-१५ मिली पातळ तेल सोडा, निम्मं डिझेल निम्मं इंजिन ऑइल चालेल, आणि दोन रात्री तसंच राहू द्या. तोवर दोन्ही टॅपेट कॅप (इंजिनच्या माथ्यावरची झाकणं) उघडून रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) हलवून बघा. एखादा रॉकर भलताच ढिला असेल, चार-पाच मिमी खेळत असेल, तर तो व्हॉल्व्ह गाइडमध्ये उघडाच अडकलाय. किक निम्म्यावर अडण्याचं एक कारण हेही असू शकतं, पिस्टन वर येऊन त्या व्हॉल्व्हला टेकतो. अशा वेळी जोर नको. व्हॉल्व्हच्या दांडीवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, तासाभरानं पितळी दांडीनं हलकेच टिचकी द्या, पुन्हा स्प्रे. दोन-तीन वेळा केलं की बहुतेक सुटतो.

मग मॅग्नेटोच्या (डाव्या कव्हराआडचं वीज तयार करणारं चाक) नटाला सॉकेट लावून, डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं, पुढे-मागे हलवत फिरवा. ते कव्हर काढायचं नसेल तर मेन स्टँडवर चौथा गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवा. पूर्ण दोन फेरे कुठंही न टेकता झाले की निम्मी लढाई संपली.

आता जुनं ऑइल काढा. इथं नवखे फसतात. इंजिनच्या बुडाशी ड्रेन बोल्टाच्या आसपासच टायमिंग चेनच्या टेन्शनरचा बोल्ट असतो. घाईत तो उघडला की स्प्रिंग आणि दांडा खाली येतात, मग जेवायची वेळ टळते. निघालेलं ऑइल पांढऱ्या डबड्यात धरा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, चकचकीत कण असतील तर बेअरिंग बोलतंय, नुसतं काळं असेल तर काळजी नाही. २०डब्ल्यू४० सुमारे ०.९ लिटर भरा. प्लग बाहेरच ठेवून सावकाश चाळीस-पन्नास किका मारा आणि टॅपेट कॅपमधून रॉकरपर्यंत ऑइल आलंय का ते डोळ्यांनी बघा. ते आल्याशिवाय चालू केलं तर कॅमशाफ्ट आणि रॉकर कोरडे घासतात, आणि या इंजिनात सगळ्यात आधी खराब होतात ते तेच.

ऑइल वर येईना तर उजवं कव्हर उघडा. आतली जाळी आणि क्रँकच्या टोकाला असलेला सेंट्रिफ्यूगल फिल्टर साफ करा. त्या फिल्टरच्या वाटीत वर्षानुवर्षांचा गाळ डांबरासारखा बसलेला असतो. साफ करून नवं गॅस्केट लावा. हे इंजिन खोलणं नव्हे, तासाभराचं काम आहे.

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट: इंजिन थंड, मॅग्नेटोवरची 'टी' खूण समोर (पिस्टन अगदी वर), दोन्ही रॉकर मोकळे. मोकळे नसतील तर क्रँकचा अजून एक फेरा द्या. फट दोन्हीकडे ०.०५ मिमी. ९ चा नट आणि चौकोनी डोक्याचा स्क्रू. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) नसेल तर विकत घ्या, अंदाजानं करू नका. "टकटक आवाज गेला पाहिजे" म्हणून आवळून देणारे गल्लोगल्ली आहेत. फट शून्य झाली की गरम इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सीटला टेकून थंड होत नाही आणि कडेनं जळतो. या गाडीनं थोडी टिकटिक केलेलीच बरी.

स्पार्क बघायला बॅटरीची वाट बघू नका. या गाडीच्या स्पार्कची वीज मॅग्नेटोतून येते, बॅटरी मेलेली असली तरी ती किकवर सुरू होते. नवा प्लग एनजीके सी७एचएसए, गॅप ०.६ ते ०.७ मिमी.

गड्डा_ते_गड्डा

वरच्यांनी इंजिनचं सांगितलं, मी टाकी आणि कार्बोरेटरचं सांगतो.

टाकी फेकू नका. जुन्या टाकीचा पत्रा आणि तिची बैठक नव्या नकली टाकीला येत नाही. मागचा रबर बसत नाही, सीट आणि टाकीत फट राहते आणि ते रोज डोळ्यात खुपतं.

जुनं पेट्रोल काढा आणि ते कुठल्याच गाडीत घालू नका. पेट्रोल कॉक काढून ते भोक रबर लावून बंद करा. आतला सुटा गंज पाडायला मूठभर नट किंवा जुन्या चेनचा तुकडा टाकून टाकी हलवा. नट मोजून टाका आणि मोजून काढा, एक राहिला तर जन्मभर खडखडेल. मग कोमट पाणी काठोकाठ भरून त्यात ४०० ते ५०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, विरघळवा आणि रात्रभर ठेवा. गंज जास्त असेल तर चोवीस तास. बाहेर सांडलं तर रंगावर डाग पडतो, म्हणून झाकणाच्या भोवती ग्रीस फासा. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. ते जोडाच्या शिवणीतला पत्रा खातं आणि महिनाभरानं तिथूनच पाझर सुरू होतो.

ओतल्यावर लगेच खायच्या सोड्याचं पाणी, साधारण १०० ग्रॅम, फिरवून अ‍ॅसिड मारा. दोनदा साध्या पाण्यानं धुवा. यापुढं वेळ दवडायचा नाही, कारण उघडा पडलेला लोखंडी पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. एप्रिल-मे असेल तर सोलापूरचं ऊन पुरेसं आहे, टाकी गच्चीवर उलटी ठेवा. इतर वेळी हेअर ड्रायर. कोरडी झाली की लगेच पाव लिटर पेट्रोलमध्ये ५० मिली टू-टी (टू स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल घालून सगळीकडे फिरवा.

टाकीला बारीक भोक निघालं तर एम-सील हा तात्पुरता उपाय. पितळी झाळ मारायची असेल तर टाकी धुऊन, वास पूर्ण घालवून, पाण्यानं भरून, फक्त झाळ मारायची तेवढीच जागा रिकामी ठेवून. "रिकामी आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्याच्या दुकानात थांबूही नका. रिकाम्या टाकीतली वाफच फुटते.

झाकणाचं बारीक हवेचं भोक बघा. ते बुजलं की गाडी चार-पाच किलोमीटर छान जाते, मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते. लोक कॉइल बदलत बसतात.

कार्बोरेटर: पायलट जेटचं (मंद चालताना पेट्रोल सोडणारी नळी) भोक इतकं बारीक असतं की वाळलेल्या पेट्रोलचा एक थरही त्याला पुरतो. लोखंडी तार घालू नका, भोक मोठं होतं. विजेच्या वायरमधली एक तांब्याची तार घ्या, किंवा जेट रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये ठेवून हवा मारा. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटलाय. फ्लोटची सुई, वाटीचं गॅस्केट, ओ-रिंगा आणि पेट्रोल पाइप नवे. हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बंद करून दीड ते दोन फेरे उघडा, मग इंजिन गरम झाल्यावर जिथं आरपीएम सगळ्यात वर जातं तिथं ठेवा.

एअर फिल्टर फोमचा असेल तर तो हाताला पिठासारखा लागेल. तसाच ठेवला तर इंजिन तो ओढून घेतं. आणि सायलेन्सरच्या तोंडात, फिल्टरच्या नळीत टॉर्च मारून बघा. पडवीत उभ्या गाडीत कुंभारमाशी मातीचं घर बांधते. गाडी "कॉम्प्रेशन आहे, स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी लागत नाही" अशी छळते तेव्हा कारण तिथं सापडतं.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल. पंपावर आता तेच मिळतं, म्हणून त्याच्याशी जमवून घ्यायचं. दोन गोष्टी होतात. एक, इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं, म्हणून वरचे सगळे रबरी भाग नवे घाला, जुने "चांगले दिसतात" म्हणून ठेवू नका. दोन, ते हवेतलं पाणी ओढतं. पाण्याचं प्रमाण फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं आणि टाकी खालून गंजते. त्यामुळे अर्धी टाकी भरून महिनाभर उभी करणं बंद. पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहील. या पेट्रोलवर मिश्रण किंचित पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. चढाला अडखळली किंवा प्लग पांढरा फटक दिसला तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं.

टू_टी_अण्णा

काय विचारलालाव मालक, आरएक्सला हेच लागू होतं का म्हणून! टाकी-कार्बोरेटरचं होतं. इंजिनचं अजिबात नाही.

आरएक्स १०० म्हणजे ९८ सीसी, ५० बाय ५०, रीड व्हॉल्व्ह, ११ अश्वशक्तीच्या आसपास, १९८५ ते १९९६. वजन शंभर किलोच्या घरात, त्यामुळे ती आजही पळते. पण फोर स्ट्रोकला वर्षानुवर्षं उभं राहणं परवडतं, टू स्ट्रोकला नाही. कारण टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो आणि तो हवाबंद ठेवतात क्रँकची दोन ऑइल सील. गाडी उभी राहिली की सीलचे ओठ कडक होतात.

उजवं, क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं. खूण म्हणजे थांबत नाही असा दाट पांढरा-निळा धूर आणि गिअर ऑइलची पातळी उतरणं, बाहेर कुठंही गळती नसताना. डावं, मॅग्नेटोकडचं गेलं तर जास्त वाईट. धूर नाही, आवाज नाही, बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. खूण अशी की अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी आरपीएम खाली यायला वेळ लावतं. लोक म्हणतात, "वा, काय पिकअप आहे!" आणि पुढच्या आठवड्यात पिस्टन जाम. म्हणून उभी राहिलेली आरएक्स घेतली तर दोन्ही सील बदला. मॅग्नेटोकडचं सील मॅग्नेट पुलरनं काढून बदलता येतं, क्रँककेस फोडावी लागत नाही. हातोड्यानं मॅग्नेट काढणाऱ्याकडे गाडी नेऊ नका.

ऑटोल्यूब पंप (इंजिनला टू-टी ऑइल आपोआप देणारा): ऑइल टाकी रिकामी राहिली असेल तर पाइपात हवा असते. पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे बंद होईपर्यंत ऑइल वाहू द्या, केबल ओढल्यावर पंपाची खूण जुळते का ते बघा. त्याउपर पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली टू-टी घाला. पंप चालला तर थोडा जास्त धूर होईल, नाही चालला तर पिस्टन वाचेल. पंप काढून टाकून कायम हातानं ऑइल मिसळणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. पंप अ‍ॅक्सिलेटरप्रमाणे ऑइल कमी-जास्त देतो, हातमिश्रण उताराला आणि चढाला सारखंच.

रिंगा बदलायच्या तर लक्षात ठेवा, टू स्ट्रोकच्या पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगेचं तोंड त्या पिनवरच आलं पाहिजे. नाही तर तोंड पोर्टात अडकून रिंग तुटते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. बोअर मोजल्याशिवाय ओव्हरसाइझ (मापानं मोठा) पिस्टन घेऊ नका. ०.२५ मिमीनं भागत असेल तर थेट ०.५० ला का जायचं? पिस्टन आधी आणा आणि लेथवाल्याला त्या पिस्टनच्या मापानं बोअर करायला सांगा.

सायलेन्सरच्या शेपटातली बारीक नळी काढून गॅसच्या ज्योतीवर काजळी जाळा, लाल झाली की ठोका. टू स्ट्रोकची ओढ गेली की लोक आधी कार्बोरेटर उघडतात, खरं तर तिचा घसा बसलेला असतो. नळी मात्र परत बसवा. ती काढून फिरलं की आवाज येतो, खालची ओढ जाते आणि सात रस्ता चौकात दंडाची पावतीही मिळते.

एम ८०, लुना कुणी उठवत असेल तर त्यांनाही सीलचं हेच. लुनात पंप नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. आणि उतारावर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण सोडून लांब उतरायचं नाही, पेट्रोलबरोबर ऑइलही बंद होतं.

दोस्ताला सांगा, विकत घेण्याआधी इंजिन आणि चासी नंबर भिंगातून बघ. आरएक्सला भाव आल्यापासून घासलेले, पुन्हा ठोकलेले नंबर फिरतात. अक्षरांची उंची एकसारखी नसेल किंवा खालचा पत्रा गुळगुळीत असेल तर कितीही गोजिरी असली तरी सोडून दे.

बाळेवाला

सगळ्यांचे आभार. ताजी स्थिती: तेल सोडून दोन रात्री ठेवलं. इनटेकचा व्हॉल्व्ह उघडा अडकला होता, स्प्रे आणि टिचक्यांनी सुटला. इंजिन आता मोकळं फिरतंय, ऑइल रॉकरपर्यंत येतंय, टॅपेट ०.०५ वर लावले. जुनं ऑइल काळं होतं, कण नाहीत. पण प्लगच्या भोकावर अंगठा धरला तर दाब कमी वाटतो. मेकॅनिक म्हणतो, "बघा, रिंगा गेल्या."

नऊचा_पाना

त्याला म्हणावं, बे, आधी पाच मिली ऑइल टाकून बघ.

सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून ५ मिली इंजिन ऑइल टाका, चार किका मारून ते पसरू द्या आणि पुन्हा दाब बघा. अंगठ्यापेक्षा कॉम्प्रेशन गेज बरा, भाड्यानं किंवा ओळखीनं मिळेल. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारायची, नाही तर हवाच आत येत नाही आणि आकडा खोटा दिसतो. ऑइल टाकल्यावर दाब स्पष्ट वाढला तर रिंगा किंवा बोअर. काहीच फरक नाही तर व्हॉल्व्ह.

दुसरी खूण आवाजाची. 'टी' खूण कॉम्प्रेशनवर आणून प्लगच्या भोकातून हवा भरा, चाक आणि गिअर धरून ठेवा. कार्बोरेटरमधून फुस्स आलं तर इनटेक, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या भोकातून जोरात आलं तर रिंगा. तुमचा इनटेक व्हॉल्व्ह इतकी वर्षं उघडा होता, त्यामुळे त्याच्या सीटवर गंजाचा पापुद्रा असणार यावर माझी पैज. तसं असेल तर इंजिन चेसिसवरच ठेवून फक्त हेड (सिलेंडरवरचा व्हॉल्व्हचा भाग) उतरवा. बारीक व्हॉल्व्ह पेस्टनं लॅपिंग करा, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवा, पेस्ट रॉकेलनं पूर्ण धुवा, व्हॉल्व्ह सील नवे घाला (हे कडक झाले की सकाळी पहिल्या किकला निळा धूर येतो आणि तोही रिंगांच्या नावावर खपवला जातो). मग हेड उलटं धरून पोर्टात रॉकेल ओता. पाच मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेनं थेंब आला नाही तर बसलं.

हेड उतरलंच आहे तर बोअरकडे बघा. हाताच्या नखाला लागेल अशी उभी रेघ नसेल आणि होनिंगच्या (कारखान्यात घासून काढलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतील तर सिलेंडरला हात लावू नका. हेड बसवताना टायमिंग चेनचं स्प्रॉकेट खुणेवरच, नट कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. चेन खाली पडू नये म्हणून आधीच तारेनं बांधून ठेवा.

आणि चालू होण्याआधी चाकं बघा. टायर-ट्यूब आणि रिमपट्टी नवी घ्या. टायर घेताना कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ब्रेक शूचं अस्तर चिकटवलेलं असतं, दशकभर उभं राहिल्यावर ते सुटून ड्रमात फिरतं आणि चाक जाम होतं. दिसायला जाड असलं तरी बदला. ब्रेकचा कॅम बाहेर काढून गंज घासा, ग्रीस अगदी थोडं. क्लच लिव्हरला १० ते २० मिमी मोकळी चाल, मागच्या ब्रेकला २० ते ३० मिमी. वायरींना तेल घालून सुटल्या तर ठीक, पण तुटक्या धाग्याची वायर ठेवू नका. उंदरांनी वायरिंगचं वेष्टण कुरतडलंय का ते टाकी काढलेलीच असताना बघून घ्या.

विजापूर_रोड

कागदांचं मी सांगतो. हे काम गाडी सुरू व्हायच्या आधीच चालू करा, वेळ यातच जातो.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्याचा अर्ज फॉर्म २५, गाडी तपासणीला आरटीओत न्यावी लागते. वीस वर्षांवरील दुचाकीसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झाली, आधी १,००० होती. शिवाय १५ वर्षांवरील दुचाकीला पर्यावरण कर. उशिरासाठी नियमात दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपयांची तरतूद आहे, म्हणून गाडीवर खर्च करण्याआधी एकूण किती भरावं लागेल ते खिडकीवर काढून घ्या.

क्रम असा ठेवा. आधी ऑनलाइन प्रणालीत गाडीचा नंबर दिसतो का ते बघा. तेव्हाच्या नोंदी हस्तलिखित रजिस्टरात होत्या, दिसत नसेल तर आरसी दाखवून बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. मग थर्ड पार्टी विमा, ७५ ते १५० सीसीला मूळ हप्ता ७१४ रुपये, वर जीएसटी. मग पीयूसी. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, दुचाकीला ४५० रुपये आणि जीएसटी, मिळून ५३१.

मामांच्या नावावरून तुमच्या नावावर करायची तर फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्या. मालक हयात नसतील तेव्हा फॉर्म ३१ लागतो, तुम्हाला नाही. आरसीवर बँकेचा बोजा लिहिलेला आहे का ते नीट बघा. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण नोंद तशीच राहते. ती काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. बँकेची शाखा विलीन झाली असेल तर जी शिल्लक आहे तिच्याकडून. चासी नंबरवर गंज असेल तर पॉलिश पेपर मारू नका, रॉकेलच्या फडक्यानं पुसा. पेन्सिलनं छाप घेताना आकडे उमटले पाहिजेत आणि घासल्याची शंका आली की तपासणी अडते.

"व्हिंटेज करून टाका" असा सल्ला मिळेल. ती नोंदणी ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ स्थितीतल्या गाडीलाच आहे. १९९१ ची गाडी २०४१ ला बसेल त्यात.

बाळेवाला

पैज जिंकलात. पाच मिली ऑइल टाकून फरक शून्य, कार्बोरेटरमधून फुस्स. हेड उतरवून लॅपिंगला दिलंय, बोअरला रेघ नाही. एकच शंका, चेन कव्हरमधली चेन ठेवावी का? आणि सुरू झाल्यावर पहिल्यांदा तुळजापूरला नेऊ का?

नऊचा_पाना

तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर लांब आहे, पहिल्या फेरीला नको. आधी ढकलत घरी आणता येईल इतक्याच अंतरात फिरा, मग होटगी रोडनं विमानतळापर्यंत, सकाळी गार असताना. पन्नास किलोमीटर झाले की ऑइल पुन्हा बदला, साचलेला गाळ तेव्हाच सुटून येतो. हेडचे नट थंड इंजिनवर एकदा पुन्हा बघा आणि टॅपेटही, लॅपिंगनंतर व्हॉल्व्ह थोडा आत बसतो आणि फट कमी होते. मे महिन्यात भर दुपारी ट्रॅफिकमध्ये घुटमळली तर पेट्रोल पाइप इंजिनला टेकत नाही ना ते बघा.

चेन: पूर्ण कव्हरमुळे हिची चेन उघड्या चेनपेक्षा खूप टिकते. काढून रॉकेलमध्ये भिजवा, आडवी धरा. कमानीसारखी लोंबली तर बदला, आणि बदललीत तर दोन्ही स्प्रॉकेटही बदला. ठीक असेल तर गिअर ऑइल देऊन परत घाला, मधोमध साधारण २५ मिमी हलली पाहिजे. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला ठेवा. उलटं बसवलं तर कव्हरला घासून क्लिप निघते आणि कव्हर आहे म्हणून ते कळतही नाही.

टू_टी_अण्णा

कव्हर शाबूत आहे म्हणताय तर त्याच्या खालच्या रबरी बुचाचंही बघा, बहुतेकांचं हरवलेलं असतं आणि सगळी धूळ तिथूनच आत जाते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसतो.